स्प्रिंग बूट ॲप्लिकेशनच्या चाचण्या: कंटेनर कुठे हवा आणि कुठे नको

डिपेंडन्सी इंजेक्शन, म्हणजे वर्गाला लागणाऱ्या गोष्टी (अवलंबित्वे) त्याने स्वतः न बनवता बाहेरून देणे, वापरल्यावर चाचण्या लिहिणे सोपे होते, असे नेहमी सांगितले जाते आणि ते खरेही आहे. तरीसुद्धा स्प्रिंग बूट या जावा चौकटीवर उभ्या असलेल्या कित्येक प्रकल्पांत चाचण्यांचा संच इतका रेंगाळतो की बदल करणारा डेव्हलपर तो स्वतःच्या मशीनवर चालवतच नाही, थेट सीआयवर (बदल आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) सोडून देतो. यामागे बहुधा एकच घोळ असतो. ज्या चाचणीला स्प्रिंगच्या कंटेनरची, म्हणजे वस्तू तयार करून एकमेकींना जोडणाऱ्या यंत्रणेची, मुळीच गरज नाही तिच्यासाठीही तो उभा केला जातो, आणि कंटेनरशिवाय जे सिद्धच होऊ शकत नाही तिथे मात्र सगळे मॉक करून (खऱ्या घटकांऐवजी नकली घटक देऊन) ठेवलेले असते. कोणती चाचणी कंटेनरच्या बाहेर लिहायची, कोणती आत, आणि आत गेल्यावर काय बदलायचे व कशाला हात लावायचा नाही, हे इथे पाहू.

उदाहरणासाठी नाट्यगृहाच्या तिकीट आरक्षणाचे एक ॲप्लिकेशन डोळ्यांसमोर ठेवू. प्रेक्षक आसन निवडतो, ते दहा मिनिटे त्याच्या नावे राखून ठेवले जाते, त्या अवधीत पैसे भरले की तिकीट पक्के होऊन मोबाइलवर एसएमएस जातो, आणि पैसे न भरल्यास आसन पुन्हा विक्रीला मोकळे होते. हे सारे सांभाळणाऱ्या आरक्षण-सेवेला चार गोष्टी लागतात: आसनांची रिपॉझिटरी (डेटाबेसमधील नोंदी वाचणारा-लिहिणारा घटक), पेमेंट गेटवे, एसएमएस पाठवणारा घटक आणि घड्याळ.

आधी कन्स्ट्रक्टर नीट करा

चाचणीची सोय-गैरसोय इथेच ठरते. फील्डवर ऑटोवायर्ड हे ॲनोटेशन लिहून अवलंबित्वे आत घेतली असतील, तर कंटेनरशिवाय तो वर्ग वापरायचा म्हटले की रिफ्लेक्शनचा आधार घ्यावा लागतो, आणि मग ‘त्यापेक्षा कंटेनरच उभा करू’ असे म्हणून माणूस मोकळा होतो. त्याऐवजी चारही गोष्टी कन्स्ट्रक्टरमधून घ्याव्यात आणि फील्ड फायनल ठेवावीत. स्प्रिंग ४.३ पासून वर्गाला एकच कन्स्ट्रक्टर असेल तर त्यावर ऑटोवायर्ड लिहिण्याचीही गरज उरलेली नाही, त्यामुळे आरक्षण-सेवा हा साधा जावा वर्ग राहतो आणि चाचणीत ‘न्यू’ म्हणून तो कोणालाही बनवता येतो. कन्स्ट्रक्टरमध्ये आठ-नऊ पॅरामीटर झाले की चाचणी लिहिताना हात दुखतात. ते दुखणे उपयोगाचे आहे, कारण वर्गाने फार कामे अंगावर घेतली आहेत हे त्यावरूनच कळते. लॉम्बॉक या कोड तयार करणाऱ्या लायब्ररीने कन्स्ट्रक्टर तयार करून घेणाऱ्यांनी अधूनमधून ती यादी मोजून पाहावी, कारण तिथे ती डोळ्यांआड वाढत राहते.

रिपॉझिटरीच्या बाबतीत एक पायरी अधिक चढावी. स्प्रिंग डेटाच्या जेपीए (जावातून डेटाबेस वापरण्याचे मानक) रिपॉझिटरीत मेथडची एवढी गर्दी असते की तिची हाताने नक्कल करणे नकोसे होते आणि लोक लगेच मॉकिटो या मॉक बनवणाऱ्या लायब्ररीकडे वळतात. सेवेला प्रत्यक्षात तीनच कामे हवी असतात: आसन शोधणे, राखून ठेवणे आणि मोकळे करणे. या तीन मेथडचा स्वतःचा छोटा इंटरफेस करावा, जेपीए वापरणारा वर्ग तो इंटरफेस पूर्ण करील असे पाहावे, आणि चाचणीसाठी हॅशमॅपवर चालणारी बनावट रिपॉझिटरी लिहावी. ती एका बसणीत लिहून होते आणि पुढे आरक्षणाच्या प्रत्येक चाचणीत कामी येते.

माझा कल अशा हाताने लिहिलेल्या बनावट घटकांकडे आहे. मॉकवर ‘ही मेथड या क्रमाने एकदा बोलावली गेली का’ असे तपासले, तर ती चाचणी सेवेच्या अंतर्गत रचनेला बांधली जाते, आणि वागणूक तशीच ठेवून कोड नीटनेटका केला तरी लाल होते. बनावट एसएमएस घटक पाठवलेले संदेश एका यादीत साठवतो. चाचणी संपताना त्या यादीत त्या नंबरसाठी एकच संदेश आहे आणि त्यात योग्य आसन क्रमांक आहे एवढे पाहिले की पुरते. मॉकिटो टाकाऊ आहे असे मात्र नाही. एखाद्या चाचणीपुरता एकच विचित्र प्रतिसाद हवा असेल तर मॉकच सोईचा पडतो.

असा विचित्र प्रतिसाद पेमेंट गेटवेकडून हमखास येतो, आणि चाचणी लिहिताना तोच विसरला जातो. पैसे मिळाले किंवा नाकारले गेले या दोन शक्यतांच्या चाचण्या सगळे लिहितात. तिसरी शक्यता अशी की विनंती गेली, ग्राहकाच्या खात्यातून पैसेही वळते झाले, पण उत्तर येण्याआधी कनेक्शनची मुदत संपली. अशा वेळी तिकीट पक्के करता येत नाही आणि आसन मोकळेही करता येत नाही. नोंद ‘अनिश्चित’ अवस्थेत ठेवून गेटवेला पुन्हा विचारावे लागते. बनावट गेटवेत ही तिसरी अवस्था पहिल्या दिवसापासून ठेवावी, कारण ती नसेल तर सेवेच्या कोडमध्येही तिला जागा मिळत नाही.

घड्याळ हेही अवलंबित्वच आहे

कोडमध्ये कुठेही ‘आत्ताची वेळ’ थेट मागितली, म्हणजे लोकलडेटटाइमची नाऊ ही मेथड रिकाम्या कंसाने बोलावली, की एक छुपे अवलंबित्व आत शिरते आणि दहा मिनिटांचा नियम तपासायला चाचणीला दहा मिनिटे थांबावे लागते. जावा ८ पासून जावा डॉट टाइम पॅकेजात क्लॉक हा वर्ग आहे. त्याचा एक बीन (स्प्रिंगने सांभाळलेली वस्तू) कॉन्फिगरेशनमध्ये तयार करावा, त्याला ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन स्पष्टपणे द्यावा, आणि सेवेने वेळ फक्त त्याच्याकडून घ्यावी.

क्लॉकची फिक्स्ड मेथड गोठलेले घड्याळ देते. आपल्याला मात्र काटे पुढे सरकवायचे आहेत. त्यासाठी क्लॉकपासून छोटा उपवर्ग करावा. त्यात टाइमझोन देणारी, टाइमझोन बदलून देणारी आणि सध्याचा क्षण देणारी अशा तीनच मेथड लिहाव्या लागतात, आणि चौथी आपली, ‘इतका वेळ पुढे जा’ सांगणारी. आता चाचणी अशी दिसते: घड्याळ संध्याकाळी ७ वाजता लावायचे, आसन राखून ठेवायचे, ९ मिनिटे ५९ सेकंद पुढे जाऊन दुसऱ्या प्रेक्षकाला ते मिळत नाही हे पाहायचे, मग आणखी एक सेकंद सरकवून तेच आसन त्याला मिळते हे पाहायचे. बरोबर दहाव्या मिनिटाला आसन कोणाचे, हा प्रश्न गरजपत्रकात बहुधा लिहिलेलाच नसतो. ही चाचणी लिहिताना तो विचारावा लागतो.

टाइमझोन स्पष्ट द्यायचे कारण असे की सर्व्हरवरचे घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर असते आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. प्रयोगाच्या दिवशी तिकीट रद्द केल्यास परतावा नाही, असा नियम असेल आणि कोणी त्या दिवशी पहाटे तीन वाजता तिकीट रद्द केले, तर यूटीसीनुसार अजून आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेनऊच वाजलेले असतात आणि परतावा दिला जातो. पहाटे तीनची ही चाचणी नक्की लिहावी. दुपारी बारा वाजताच्या चाचणीत ही चूक कधीच उघडी पडत नाही.

इथपर्यंतच्या सगळ्या चाचण्यांत स्प्रिंगचा एकही वर्ग आलेला नाही आणि त्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपतात. व्यवसायाचे नियम जितके इथे तपासून घेता येतील तितके घ्यावेत.

‘न्यू’ म्हटल्यावर काय हरवते

स्प्रिंग वस्तू जोडून देते, आणि त्याखेरीज तिच्याभोवती प्रॉक्सीही, म्हणजे प्रत्येक हाक आधी स्वतःकडे घेणारे वेष्टनही, गुंडाळते. ट्रान्झॅक्शनल, कॅशेबल, प्रीऑथोराइज ही ॲनोटेशने त्या प्रॉक्सीमुळे जिवंत होतात. ‘न्यू’ म्हणून बनवलेल्या वस्तूवर ती केवळ लिहिलेली राहतात. त्यामुळे व्यवस्थापकाखेरीज कोणाला संपूर्ण प्रयोग रद्द करता येऊ नये, ही अट प्रीऑथोराइजने घातली असेल तर ती कंटेनरच्या आतच तपासावी लागते. एकाच वर्गातील एका मेथडने दुसरीला बोलावले तर ती हाक प्रॉक्सीतून जात नाही आणि दुसऱ्या मेथडवरचे ट्रान्झॅक्शनल निष्प्रभ ठरते, ही जुनी खोचही कंटेनरशिवायच्या चाचणीत दिसणे शक्य नाही.

कंट्रोलरचेही तसेच आहे. कंट्रोलरची मेथड थेट बोलावून फारसे काही हाती लागत नाही, कारण पत्ता जुळणे, जेसनचे रूपांतर, व्हॅलिडेशन आणि चुकीच्या वेळचा स्टेटस कोड हे सारे तिच्या बाहेर घडते. त्यासाठी वेबएमव्हीसीटेस्ट वापरावे. ते कंट्रोलर, कंट्रोलर ॲडव्हाइस, फिल्टर आणि स्प्रिंग सिक्युरिटीची साखळी एवढेच उभे करते; सर्व्हिस आणि रिपॉझिटरी घेत नाही, म्हणून आरक्षण-सेवेच्या जागी मॉक द्यावा लागतो. यासाठी पूर्वी मॉकबीन हे ॲनोटेशन होते. स्प्रिंग बूट ३.४ मध्ये ते कालबाह्य ठरवले गेले आणि स्प्रिंग फ्रेमवर्क ६.२ मधील मॉकिटोबीनने त्याची जागा घेतली, तेव्हा नव्या कोडमध्ये तेच लिहावे. सिक्युरिटी चालू असताना पोस्ट विनंती सीएसआरएफ टोकनशिवाय (विनंती आपल्याच पानावरून आल्याची खूण नसताना) पाठवली तर ४०३ येतो आणि नवखा माणूस भूमिका आणि परवानग्या तपासत बसतो. सिक्युरिटीच्या टेस्ट लायब्ररीतील सीएसआरएफचा प्रोसेसर विनंतीला जोडला की तो प्रश्न मिटतो. चिडून चाचणीत सिक्युरिटीच बंद करून टाकणे मात्र टाळावे, कारण मग लॉगिन न केलेल्या माणसाला ४०१ मिळतो की थेट तिकीट, हे कोणीच पाहत नाही.

पूर्ण कंटेनर: फक्त वेशीवर बदल करा

स्प्रिंगबूटटेस्ट वापरून संपूर्ण ॲप्लिकेशन उभे करताना एक नियम कसोशीने पाळावा. जे आपल्या प्रक्रियेच्या बाहेर जाते तेवढेच बदलायचे: पेमेंट गेटवे, एसएमएस आणि घड्याळ. आतील सेवा, रिपॉझिटरी, मॅपर यांना हात लावायचा नाही. आतला एखादा घटक मॉक केल्याशिवाय चाचणी लिहिता येत नसेल, तर ती चाचणी या पातळीवरची नाही असे समजावे. गेटवे बदलल्यामुळे त्याच्याशी होणारा खरा एचटीटीपी संवाद तपासायचा राहतो. त्यासाठी केवळ तो ॲडॅप्टर घेऊन वायरमॉक या बनावट एचटीटीपी सर्व्हरसमोर वेगळी चाचणी चालवावी, आणि मुदत संपण्याचा प्रसंग तिथेही घडवून आणावा.

बदली घटक टेस्टकॉन्फिगरेशन असलेल्या एका वर्गात बीन म्हणून लिहावेत. हा वर्ग स्वतंत्र फाइलमध्ये असेल तर कंपोनंट स्कॅनमध्ये तो आपोआप उचलला जात नाही, इम्पोर्ट करावा लागतो. खऱ्या बीनच्याच नावाने दुसरा बीन दिला तर ॲप्लिकेशन सुरूच होत नाही, कारण स्प्रिंग बूट २.१ पासून बीनची व्याख्या झाकायला मुळातच मनाई आहे. ती परवानगी प्रॉपर्टीने चालू करण्यापेक्षा बदली बीनला वेगळे नाव देऊन त्यावर प्रायमरी लावावे. चुकून दोन बीन एकाच नावाचे झाले तर ते लपण्यापेक्षा ओरडलेले बरे.

आता वेळेचा प्रश्न, ज्यापायी संच रेंगाळतो. स्प्रिंगची टेस्ट चौकट एकदा उभा केलेला कॉन्टेक्स्ट, म्हणजे बीनांनी भरलेला कंटेनर, जपून ठेवते आणि पुढच्या चाचणी-वर्गाला तोच देते, पण दोघांची मागणी तंतोतंत सारखी असेल तरच. कॉन्फिगरेशन वर्ग, प्रोफाइल (टेस्ट, प्रॉडक्शन अशा वातावरणाची निवड), प्रॉपर्टी आणि मॉक केलेले बीन हे सगळे त्या मागणीत धरले जाते. एका वर्गाने फक्त एसएमएस मॉक केला, दुसऱ्याने एसएमएस आणि गेटवे दोन्ही केले, तिसऱ्याने एखादी प्रॉपर्टी जागेवर बदलली, की तीन वेगळे कॉन्टेक्स्ट उभे राहतात. डर्टीजकॉन्टेक्स्ट तर जपलेला कॉन्टेक्स्ट फेकूनच देते, आणि ‘चाचणी कधी कधी पडते’ या दुखण्यावर औषध म्हणून ते सर्रास चिकटवलेले दिसते.

ही साठवण मुळात ३२ कॉन्टेक्स्टपर्यंत वाढू शकते, आणि तिथे आणखी एक गंमत होते. प्रत्येक जिवंत कॉन्टेक्स्टजवळ स्वतःचा हिकारी पूल (डेटाबेस कनेक्शनांचा साठा) असतो, त्या पुलात मुळात १० कनेक्शन असतात, आणि पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शनच देते. सर्व चाचण्या एकाच डेटाबेसवर चालत असतील तर दहाव्या कॉन्टेक्स्टच्या आसपास डेटाबेस नकार देऊ लागतो आणि चूक अशा चाचणीत दिसते जिचा काहीच दोष नसतो. पुलाचा आकार कमी करणे ही मलमपट्टी झाली. सगळ्या मोठ्या चाचण्यांसाठी एकच सामाईक पाया-वर्ग ठेवावा, त्यावर सर्व ॲनोटेशने असावीत, आणि खालच्या वर्गांनी आपले वेगळे मॉकिटोबीन जोडू नयेत. किती कॉन्टेक्स्ट तयार होतात हे पाहायला स्प्रिंगच्या टेस्ट कॉन्टेक्स्ट कॅशचे लॉगिंग डीबग पातळीवर आणावे. जुन्या प्रकल्पात काम सुरू करायला हीच जागा चांगली.

सामाईक कॉन्टेक्स्टची एक किंमत मोजावी लागते. मॉकिटोबीन प्रत्येक चाचणीनंतर आपोआप कोरे होते, पण आपण लिहिलेला बनावट एसएमएस घटक हा सिंगलटन आहे आणि त्याच्या यादीत मागच्या चाचणीचे संदेश तसेच राहतात. प्रत्येक बनावट घटकाला ‘कोरे कर’ ही मेथड द्यावी आणि पाया-वर्गात दर चाचणीआधी ती बोलवावी. घड्याळही त्याच वेळी ठरलेल्या क्षणावर परत आणावे.

डेटाबेस आणि न झालेला कमिट

एकच आसन दोघांना विकले जाऊ नये, ही या ॲप्लिकेशनची सर्वांत मोठी जबाबदारी. त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये प्रयोग आणि आसन यांवर अंशतः लागू होणारा युनिक इंडेक्स घालता येतो, जो रद्द झालेल्या नोंदी सोडून बाकीच्यांवरच चालतो. एचटू या मेमरीतल्या डेटाबेसमध्ये असा अटीचा इंडेक्स नाही, म्हणजे एचटूवर चाचण्या चालवायच्या तर नेमकी हीच खबरदारी वगळावी लागते. म्हणून टेस्टकंटेनर्स या लायब्ररीने डॉकरमध्ये (हा कंटेनर स्प्रिंगचा नव्हे) खरे पोस्टग्रेस उभे करावे, तेही प्रॉडक्शनमधल्याच आवृत्तीचे. स्प्रिंग बूट ३.१ पासून सर्व्हिसकनेक्शन हे ॲनोटेशन लावले की पत्ता आणि पासवर्ड आपोआप जोडले जातात.

चाचणीवर ट्रान्झॅक्शनल लावले की शेवटी सारे रोलबॅक होते आणि डेटाबेस स्वच्छ राहतो, ही सोय सगळ्यांना आवडते. पण तिच्यात कमिट कधीच होत नाही. त्याचे परिणाम असे. जेपीएमागे काम करणाऱ्या हायबरनेटने लांबणीवर टाकलेला इन्सर्ट कदाचित डेटाबेसपर्यंत पोहोचतच नाही आणि युनिक इंडेक्सची चूक उमटत नाही. कमिटनंतर एसएमएस पाठवावा म्हणून ट्रान्झॅक्शनल इव्हेंट लिसनर वापरला असेल, तर तो लिसनर चाचणीत जागाच होत नाही. शिवाय ही सोय चालते ती मॉकएमव्हीसीसोबत (खरा सर्व्हर सुरू न करता विनंती पाठवणारे साधन), कारण तिथे विनंती चाचणीच्याच थ्रेडवर धावते. खरा सर्व्हर एखाद्या रिकाम्या पोर्टवर सुरू केला की विनंती वेगळ्या थ्रेडवर, वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये जाते आणि तिने लिहिलेले काहीही रोलबॅक होत नाही. तेव्हा पूर्ण कंटेनरच्या चाचण्यांत ट्रान्झॅक्शनल वापरू नये आणि दर चाचणीआधी टेबले रिकामी करावीत.

मग शर्यतीची चाचणी लिहिता येते. दोन थ्रेड तयार करावेत, दोघांना एका काउंटडाउन लॅचवर थांबवावे, लॅच सोडल्याबरोबर दोघांनी एकाच आसनासाठी विनंती करावी, आणि शेवटी एकाला २०१ व दुसऱ्याला ४०९ मिळाला, टेबलात एकच जिवंत नोंद आहे, हे पाहावे. एकदा चालवून हिरवी झाली म्हणून विश्वास ठेवू नये; रिपीटेडटेस्टने ती पुन्हा पुन्हा चालवावी, आणि एकदा मुद्दाम इंडेक्स काढून ती खरोखर लाल होते का तेही पाहावे.

प्रॉडक्शन प्रोफाइलची जोडणी

स्प्रिंग इनिशियलायझरने तयार करून दिलेल्या प्रकल्पात ‘कॉन्टेक्स्ट लोड्स’ नावाची रिकामी चाचणी असते आणि ती निरर्थक समजून काढून टाकली जाते. ती ठेवावी, कारण सिंगलटन बीन सुरुवातीलाच तयार होतात आणि त्यामुळे न सापडलेला बीन किंवा स्प्रिंग बूट २.६ पासून मुळातच निषिद्ध असलेले चक्राकार अवलंबित्व तिथल्या तिथे कळते. पण ती सहसा प्रॉडक्शन प्रोफाइलवर चालत नाही. खरा एसएमएस घटक प्रॉडक्शन प्रोफाइलपुरता मर्यादित असेल, तर सगळ्या चाचण्या हिरव्या असूनही तो एकदाही जोडला गेलेला नसतो, आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये हवी असलेली प्रॉपर्टी विसरल्याचे सर्व्हरवर चढवतानाच समजते.

यासाठी एक अधिकची चाचणी लिहावी: प्रोफाइल प्रॉडक्शनचे, डेटाबेस टेस्टकंटेनर्सचा, बदली बीन एकही नाही, आणि तपासणी एवढीच की कॉन्टेक्स्ट उभा राहतो. तिच्यासाठी वेगळा कॉन्टेक्स्ट खर्ची पडतो आणि तो खर्च करण्याजोगा आहे. मात्र या कॉन्टेक्स्टमध्ये ठरावीक वेळाने धावणारी कामेही सुरू होतात, आणि मुदत संपलेल्या आरक्षणांना आठवणीचा संदेश पाठवणारे काम त्यांत असू शकते. म्हणून गेटवे आणि एसएमएसचे पत्ते या चाचणीत लोकलहोस्टच्या बंद पोर्टवर वळवावेत, किल्ल्या खोट्या द्याव्यात, शेड्युलिंग चालू करणारे कॉन्फिगरेशन एका प्रॉपर्टीने बंद करता येईल असे ठेवावे, आणि सीआयच्या त्या टप्प्याला खऱ्या किल्ल्या असलेले एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल मुळीच मिळणार नाहीत, याची खात्री चाचणी पहिल्यांदा चालवण्याआधी करून घ्यावी.